'लिहिणारी कोण?' : इंग्रजीतला सब्जेक्ट आणि आपला कर्ता

स्पर्धापरीक्षांच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत एक ठरावीक प्रश्न असतो. एका वाक्याचे तीन-चार तुकडे पाडून दिलेले असतात आणि चूक कोणत्या तुकड्यात आहे ते ओळखायचे असते. परीक्षा स्टाफ सिलेक्शनची असो, बँकेची असो वा एमपीएससीची, ह्या वाक्यांपैकी पुष्कळांची गोम एकच असते. क्रियापद आपल्या सब्जेक्टशी जुळत नाही. 'द क्वालिटी ऑफ द मँगोज सोल्ड इन धिस मार्केट आर पुअर.' विद्यार्थी 'मँगोज' पाहतो, 'आर' पाहतो, अनेकवचनाला अनेकवचन मिळाले म्हणून समाधान पावतो आणि 'चूक नाही' ह्या पर्यायावर खूण करून पुढे जातो. गुण जातो तो जातोच. बऱ्याच परीक्षांत चुकीच्या उत्तरासाठी वर आणखी कापला जातो.

आम्ही मराठी शिकवणारे. ह्या वाक्याशी आमचा संबंध काय, असा प्रश्न कुणी करील. एक संबंध सरळ आहे : बी.ए., एम.ए.ला मराठी घेतलेली आमची मुलेच ह्या परीक्षांना बसतात. दुसरा संबंध थोडा आतला आहे. ह्या चुकीचे निदान सर्वत्र 'मुलांचे इंग्रजी कच्चे' असे केले जाते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तेव्हा आजच्या पदवीधराने हा विषय बारा-पंधरा वर्षे शिकलेला असतो. एवढे करूनही तो नेमका इथेच अडखळत असेल तर 'कच्चे' ह्या शब्दाने काही उलगडत नाही. आमचे मत असे की चुकीचा मोठा भाग इंग्रजीत नाहीच. तो मराठी पारिभाषिक शब्दांत आहे, आणि त्यातही एका शब्दात : कर्ता.

मराठी शाळेत कर्ता शोधण्याची एक युक्ती शिकवतात. क्रियापदातल्या धातूला 'णारा' जोडायचा आणि 'कोण?' असे विचारायचे. 'अनिताने पत्र लिहिले.' लिहिणारी कोण? अनिता. झाला कर्ता. युक्ती चांगली आहे; निदान जिथे क्रिया स्पष्ट आणि करणारा जिवंत आहे तिथे तरी ती फसत नाही. पुढे इंग्रजीच्या तासाला 'सब्जेक्ट म्हणजे कर्ता' असे एका वाक्यात सांगून फळा पुसला जातो आणि मुलगा तीच युक्ती घेऊन इंग्रजी वाक्यासमोर उभा राहतो. 'द लेटर वॉज रिटन बाय अनिता.' लिहिणारी कोण? अनिता. तो 'अनिता' खाली रेघ मारतो. उत्तर चुकीचे ठरते, कारण ह्या वाक्याचा सब्जेक्ट 'द लेटर' आहे. आपण शिकवलेली युक्ती त्याने बिनचूक वापरलेली असते, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही.

खरे म्हणजे ह्या दोन कल्पनांची कुळेच वेगळी आहेत. 'कर्ता' ही पाणिनीच्या कारकविचारातून आलेली संज्ञा. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र, तो कर्ता. वाक्य कर्मणी झाले की त्या कर्त्याला तृतीया लागते, क्रियापद कर्माच्या बाजूचे होते, कर्म प्रथमेत येते. पण कर्ता तृतीयेत गेला तरी कर्ताच राहतो. त्याचे पद रूपावर अवलंबून नाही, क्रियेशी असलेल्या नात्यावर आहे. इंग्रजी सब्जेक्ट हा त्याच्या अगदी उलट स्वभावाचा. क्रिया त्याने केली की त्याच्यावर झाली, ह्याच्याशी त्याला देणेघेणे नाही. वाक्यात एक जागा असते, क्रियापदाच्या आधीची. त्या जागेवर जो बसेल आणि ज्याच्या वचनाप्रमाणे क्रियापद चालेल, तो सब्जेक्ट. एक नाते आहे आणि दुसरी जागा आहे. पुष्कळदा त्या नात्याचा माणूस त्याच जागेवर बसलेला आढळतो, एवढ्यावरून आपण दोघांना एकच नाव दिले.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहिले. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चे. ह्या काळात आपल्या व्याकरणावर एका बाजूने संस्कृतचा आणि दुसऱ्या बाजूने इंग्रजीचा वरवंटा फिरत होता, आणि मराठी वाक्य ह्या दोहोंपैकी कोणत्याही साच्यात पूर्ण मावत नव्हते, ह्याची जाणीव दामल्यांच्या ग्रंथात जागोजाग दिसते. शाळेपर्यंत येताना ती जाणीव गळाली आणि संज्ञा उरल्या. वाक्यपृथक्करणात 'उद्देश्य' हा शब्द होता. सब्जेक्टला तो अधिक जवळचा ठरला असता. पण तिथेही उद्देश्य म्हणजे कर्ता असेच समीकरण मांडले गेले आणि एक उपयोगी शब्द फुकट गेला.

आता मराठी मुलाच्या कानात काय आहे ते पाहू. 'अनिताने लेख लिहिला, चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिले, पत्रे लिहिली.' करणारी तीच. क्रियापद मात्र दर वेळी लिहिलेल्या वस्तूकडे तोंड करते. 'रामाने रावणाला मारले' म्हटले की ते कुणाकडेच पाहत नाही, तटस्थपणे नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहते. तीन-चार वर्षांचे मूल हे सारे न चुकता बोलते. क्रियापद कर्त्याशी जुळलेच पाहिजे असा नियम त्याच्या भाषेत नाहीच. जुळणी कुणाशी होते हे प्रयोगावर ठरते. ह्या मुलाने पुढे 'अनिता हॅव रिटन मेनी लेटर्स' असे लिहिले, आणि असे लिहिलेले आम्ही अनेकदा पाहिले आहे, तर त्याला निष्काळजीपणा म्हणण्यापूर्वी जरा थांबावे. 'पत्रे लिहिली आहेत' मधले 'आहेत' त्याच्या मनात वाजत असते.

ह्यात एक गंमतही आहे. सोलापूर परिसरातला विद्यार्थी सहज 'मी काम केलो' म्हणतो. त्याच्या बोलीत क्रियापद करणाऱ्याकडे पाहते, म्हणजे ह्या एका बाबतीत ती बोली इंग्रजीच्या अधिक जवळ आहे. मराठीच्या पेपरात त्या 'केलो'खाली लाल रेघ येते. आदरार्थी अनेकवचनाची कथा वेगळीच. 'सर आले आहेत' म्हणणारा मुलगा 'अवर प्रिन्सिपल आर व्हेरी स्ट्रिक्ट' लिहितो तेव्हा त्याचे व्याकरण चुकलेले असते, पण रीत चुकलेली नसते.

इतके झाल्यावर 'म्हणजे मराठी हाच अडसर' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. त्यांच्याशी आमचा मुख्य वाद आहे. परीक्षेतला तो आंब्यांचा प्रश्न सोडवण्याचे साधन मराठीतच आहे, फक्त ते 'णारा'च्या युक्तीत नाही, विभक्तीत आहे.

'ह्या बाजारातल्या आंब्यांची प्रत वाईट आहे.' ह्या वाक्यात 'आंब्यांची प्रत वाईट आहेत' असे अडाण्यातला अडाणीही म्हणणार नाही. का म्हणणार नाही? आंबे अनेक आहेत, पण 'आंबे'चे 'आंब्यां' झाले आहे. नामाचे सामान्यरूप झाले, त्याला प्रत्यय लागला, की ते क्रियापदाच्या हिशोबातून बाद होते. वर तो प्रत्ययही पुढच्या नामाप्रमाणे वेश बदलतो : प्रत म्हणून 'ची', भाव असता तर 'चा'. शिवाय मराठीत विशेषणे, षष्ठ्या, सगळा लवाजमा आधी येतो आणि मुख्य नाम शेवटी येते, क्रियापदाच्या जवळ. मराठी वाचकाची नजर त्यामुळे क्रियापदाच्या अलीकडचे नाम धरायला शिकलेली असते आणि मराठीत ती बहुधा बरोबर ठरते.

इंग्रजीत वरात उलटी निघते. नवरदेव सर्वांत पुढे, वऱ्हाड मागून. 'द क्वालिटी' आधी येते. मग 'ऑफ द मँगोज', मग 'सोल्ड इन धिस मार्केट'. आणि क्रियापद येईपर्यंत त्याच्या शेजारी भलतेच कुणी उभे असते. त्यात इंग्रजी नामाला सामान्यरूप नाही. 'मँगोज' कर्त्याच्या जागी असोत वा 'ऑफ'च्या मागे, चेहरा तोच. मराठी नजरेला लागणारी खूणच इथे पुसलेली असते. पण खूण नाहीशी झालेली नाही, तिने जागा बदलली आहे. 'ऑफ', 'इन', 'बाय', 'विथ', 'टू' हे जे शब्द आपण प्रेपोझिशन म्हणून पाठ करतो, ते आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययेच आहेत. आपल्याकडे नामाच्या मागे लागतात, तिकडे पुढे उभी राहतात. 'ऑफ द मँगोज' म्हणजे 'आंब्यांची'. एवढे एकदा डोळ्यांना दिसले की पुढचे काम मराठीच करते. प्रेपोझिशन आणि त्याचे नाम मिळून एक प्रत्यय लागलेले पद समजायचे आणि क्रियापदाच्या हिशोबातून काढून टाकायचे. जी नामे कोऱ्या चेहऱ्याने उरतील त्यांतले क्रियापदाच्या आधीचे नाम धरायचे. 'द क्वालिटी' उरते. 'आर' चूक, 'इज' हवे.

'द मदर, अलाँग विथ हर चिल्ड्रन, हॅज कम.' इथे 'हॅव' का नाही, ह्यावर खासगी वर्गांत एक अपवादांची यादी पाठ करून घेतात : अलाँग विथ, अ‍ॅज वेल अ‍ॅज, टुगेदर विथ आणि आणखी पाच-सहा. यादी कशाला? 'मुलांसह आई आली आहे' आणि 'आई आणि मुले आली आहेत' ही दोन वाक्ये मराठी मुलाला कुणी शिकवावी लागत नाहीत. 'सह' लागला की मुले हिशोबातून गेली, 'आणि' आला की हिशोबात आली. इंग्रजी नियम अक्षरशः हाच आहे.

एका ठिकाणी सावध राहायला हवे. 'मी पत्र लिहिले' मध्ये 'मी'ला प्रत्यय दिसत नाही, तरी क्रियापद त्याच्याशी जुळत नाही. इथे 'मी' आतून तृतीयेचा आहे. जुन्या मराठीतले 'मियां' हे रूप ज्यांनी वाचले आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. आमच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना ते माहीत असते, आणि इंग्रजीच्या परीक्षेत त्याचा काही उपयोग असेल हे त्यांच्या स्वप्नातही नसते.

आणखी एक गोष्ट ह्या मुलांच्या कानावर घालण्यासारखी आहे. शेजारच्या नामाच्या ओढीने क्रियापद चुकणे हा परक्या माणसाचाच दोष नाही. कॅथरिन बॉक आणि कॅरोल मिलर ह्या संशोधिकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी भाषकांना वाक्यांचे आरंभ देऊन ती पूर्ण करायला सांगितली होती. मुख्य नाम एकवचनी आणि मध्ये एखादे अनेकवचनी नाम अशी रचना आली की जन्माने इंग्रजी बोलणारी माणसेही काही वेळा अनेकवचनी क्रियापद वापरून जात. परीक्षा घेणाऱ्याने हा सापळा निवडला तो तो माणसाच्या स्मरणाला फसवतो म्हणून. त्यात पडल्याबद्दल मराठी माध्यमाच्या मुलाने स्वतःला गावंढळ समजण्याचे कारण नाही. ही समजूत फार मुले मनात घेऊन वावरतात, आणि गुणांच्या नुकसानीपेक्षा ते नुकसान आम्हांला मोठे वाटते.

क्रियापदाकडे वळू. तिथे दोष उलट्या दिशेचा आहे : मराठीत व्याख्या चांगली आहे आणि इंग्रजीच्या वर्गात ती टाकून दिली जाते. आपले शालेय व्याकरण क्रियापदाला दोन अटी घालते. शब्द क्रियावाचक हवा आणि त्याने वाक्याचा अर्थ पूर्ण करायला हवा. इंग्रजीच्या वर्गात दुसरी अट गळते आणि 'डूइंग वर्ड' एवढेच उरते. मग 'स्विमिंग इज गुड एक्सरसाइज' मध्ये मूल 'स्विमिंग'ला क्रियापद ठरवते, आणि बिचाऱ्या 'इज'कडे कुणी पाहत नाही, कारण 'इज' काहीच 'करत' नाही.

'द लेटर्स सेंट बाय अनिता वेअर लॉस्ट' हे वाक्य अधिक कठीण. 'सेंट' हे भूतकाळाचे रूप म्हणून पाठ केलेले असते, म्हणून मुलगा तिथेच थांबतो. मराठीत हा पेच पडत नाही, कारण आपण 'पाठवली' आणि 'पाठवलेली' अशी दोन वेगळी रूपे ठेवली आहेत : 'अनिताने पाठवलेली पत्रे हरवली'. 'पाठवलेली' हे धातुसाधित विशेषण, 'हरवली' हे क्रियापद. इंग्रजी दोन्ही कामे 'सेंट'कडूनच करून घेते. अशा वेळी वाक्याचा काळ बदलून पाहावा. 'वेअर'चे 'आर' होते, 'सेंट' जागचे हलत नाही. जो शब्द काळाबरोबर बदलतो तो क्रियापद. ही कसोटी मराठीतही चालते : 'बागेत खेळणारा मुलगा माझा भाऊ आहे', 'होता', 'खेळणारा' तसाच. धातुसाधिते शिकवताना आम्ही मराठीचे शिक्षक तासच्या तास घालवतो. शेजारच्या खोलीत इंग्रजीचे शिक्षक पार्टिसिपलवर तितकेच तास घालवतात. दोघे चहाला एकत्र असतात आणि ह्या विषयावर बोलत नाहीत.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. इंग्रजीचे काही सहकारी म्हणतील की सब्जेक्ट, व्हर्ब ह्या संज्ञा शिकवण्याचे दिवस गेले, मुलांना बोलते करा, व्याकरण आपोआप येईल. ज्या मुलाच्या घरी आणि गल्लीत इंग्रजी कानावर पडते त्याला ते येईलही. ज्याच्या कानावर ते फक्त वर्गात पडते, त्याच्या हाती विचार करण्याचे एखादे साधन हवे. आणि परीक्षा तर संज्ञा गृहीत धरूनच प्रश्न काढते. दुसरा आक्षेप : मराठीतून इंग्रजी शिकवणे म्हणजे पुन्हा तर्खडकरी भाषांतरपाठमालेकडे जाणे. त्या पाठमालेची थट्टा करणे सोपे आहे. पण मराठी मूल कुठून निघाले आहे हे तिला ठाऊक होते. तिच्या जागी जे 'रेन अँड मार्टिन' घरोघर आले ते १९३०च्या दशकात मुळात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी लिहिले गेले. त्या मुलांना 'आंब्यांची' आणि 'ऑफ द मँगोज' ह्यांचे नाते समजावून सांगण्याची गरज नव्हती. आपल्या मुलांना आहे.

आमची सूचना छोटी आहे. इंग्रजीच्या तासाला सब्जेक्टला सब्जेक्टच म्हणावे. तो शब्द आता मराठी मुलाला मुळीच परका नाही. 'कर्ता' हा शब्द क्रिया करणाऱ्यासाठी राखून ठेवावा, आणि 'द लेटर वॉज रिटन बाय अनिता' ह्या वाक्यात कर्ता अनिता व सब्जेक्ट पत्र असे दोन्ही एकदम सांगावे. खात्री करून घ्यायची असेल तर शेवटी पुस्ती जोडावी : 'वॉझन्ट इट?' तिथे 'शी' येत नाही, 'इट' येते, आणि ते पत्राकडे बोट दाखवते.

राहता राहिले 'इट इज रेनिंग' आणि 'देअर आर थ्री बुक्स ऑन द टेबल'. 'उजाडले', 'मळमळते' अशा एका शब्दाची वाक्ये करणाऱ्या भाषेला रिकाम्या जागेचे भय नाही. इंग्रजीला आहे, म्हणून ती तिथे एक 'इट' बसवून ठेवते. त्या 'इट'चा अर्थ शोधू नये. 'देअर'चा मामला अधिक नाजूक. शालेय पुस्तके 'थ्री बुक्स'ला सब्जेक्ट म्हणतात, कारण 'आर' त्यांच्यामुळे आले. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांचे १९८५ चे बृहद्व्याकरण व्याकरणदृष्ट्या 'देअर'लाच सब्जेक्ट धरते, कारण प्रश्न करताना तेच 'आर'च्या पलीकडे जाऊन बसते आणि पुस्तीतही तेच येते : 'आरन्ट देअर?' परीक्षेत मात्र 'इज' की 'आर' एवढेच विचारलेले असते. तेव्हा 'देअर' ओलांडून पुढचे नाम पाहावे, एक असेल तर 'इज', अनेक असतील तर 'आर' निवडावे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावे. सब्जेक्ट कोणता ह्यावर वाद घालायचा असेल तर परीक्षा संपल्यावर आमच्या विभागात यावे. तिथे दामले कपाटात आहेत आणि इंग्रजीचा विभाग दोन दारे पलीकडे.